रक्तातली राख

नव्या गुळाचा वास आला की मला बारामतीच्या एका दवाखान्याची खिडकी आठवते. खिडकीखाली गुळाची आडत होती. गाड्यांवरून ढेपा उतरत होत्या, हमाल एकमेकांना हाका घालत होते आणि ओल्या गोणपाटात मुरलेला तो गरम, किंचित खारट गोडवा वर चढून टेबलावरच्या कार्बोलिकच्या दर्पात मिसळत होता. त्या दोन वासांच्या मधोमध बसलेल्या डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकावरचा डोळा काढला, चष्मा धोतराच्या सोग्याने पुसला आणि माझ्या यजमानांकडे पाहून म्हणाले, "दिनकरराव, हा हिवताप नव्हे."

ह्यांचा चेहरा एकदम उजळला. "मंग झ्याक झालं की!"

"झ्याक नाही झालं," डॉक्टर हळू म्हणाले. "हा ल्युकेमिया दिसतो."

ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कर्करोग. हा अर्थ त्यांनी लगेच सांगितला, आडपडदा न ठेवता, आणि मी आजही त्याबद्दल त्यांची ऋणी आहे. रक्तात तांबड्या पेशी असतात तशा पांढऱ्याही असतात. पांढऱ्या पेशी राखणदार. पण माझ्या हाडांच्या पोकळीत त्या बेसुमार निपजत होत्या आणि राखण करण्याऐवजी पीकच खात होत्या. खाली कोणीतरी ढेप फोडली. तो ठोका मला अजून ऐकू येतो. त्या क्षणापासून कित्येक महिने मला गुळाचा वास सहन झाला नाही.

हे लिहिते आहे ते ज्यांच्या घरी असेच काही अवचित येऊन उभे राहील, त्यांच्यासाठी. मला वैद्यक येत नाही. माझे वडील इंदापूरला शाळामास्तर होते. त्यांनी मला वृत्ते शिकवली, मात्रा मोजायला शिकवले आणि शब्द तोंडात घोळवून मगच बाहेर काढावा असे शिकवले. रोग समजून घेताना मला तेवढीच शिदोरी पुरली.

आमचे घर कळसला. कालव्याच्या पाण्यावर ऊस, थोडी वांगी-मिरची, बांधाला पेरू. कालव्याने आम्हाला पाणी दिले तसा हिवतापही दिला. डासांवरच्या फवारणीची माणसे गावात येऊ लागली त्याच्या आधी आमच्याकडे घरटी एकाच्या तरी पोटात डाव्या बरगडीखाली गोळा असायचा. त्याला पानथरी म्हणतात. पानथरी म्हणजे प्लीहा, रक्त गाळणारी एक पिशवी, तापाने फुगलेली. त्यामुळे माझ्या डाव्या कुशीत जडपणा आला, तेव्हा कोणी दचकले नाही. मीही नाही. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, पोट चाचपले आणि निकाल दिला. "पानथरी हाय. कालव्याची पोरं सगळी अशीच." कोयनेलच्या, म्हणजे क्विनीनच्या, कडू गोळ्या झाल्या. मग बिब्ब्याचे डाग झाले. ते पाच काळे ठिपके अजून माझ्या पोटावर आहेत. डाग देताना आत्याबाईंनी माझा हात घट्ट धरून ठेवला होता आणि माझ्याआधी त्याच ओरडल्या होत्या.

पण हिवतापात थंडी वाजते. मला वाजत नव्हती. मला घाम यायचा. पहाटे उठावे तर पोलके पिळून निघेल असे. भूक होती, तरी बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. जेवलेले अन्न कुठे जाते, असे वाटायचे. जणू आत कोणी दुसरेच पंगतीला बसले होते.

मग एका सकाळी उजव्या पायाचा अंगठा सुजला. लाल, चकचकीत, तापलेल्या तव्यासारखा. लुगड्याचा काठ लागला तरी जीव कळवळायचा. घरात काट्याचा शोध झाला, विंचवाचा झाला. लघवीच्या भांड्याच्या तळाशी विटेच्या चुऱ्यासारखा तांबूस साका बसू लागला, तेही मी पाहिले. सांगायला लाज वाटली, पण बारामतीला गेल्यावर डॉक्टरांनी नेमके तेच विचारले. अंगठा पाहून ते आधी हसलेच होते. "अहो वहिनी, हा गाऊट. संधिवाताचा थोरला भाऊ. मेजवान्या झोडणाऱ्या राजेलोकांना होतो. तुम्हाला कसा झाला?"

"आमच्यात मेजवानी म्हंजे पिठलं," हे म्हणाले.

डॉक्टर हसायचे थांबले ते तिथेच. एवढ्या तरुण बाईला, तीही बारीक होत चाललेली, गाऊट होत नाही हे त्यांच्या ध्यानात आले असावे. त्यांनी माझ्या बोटाला सुई टोचली, थेंब काचेवर पसरला आणि सूक्ष्मदर्शकावर वाकले. पुढचे मी सांगितलेच आहे.

पुण्याला जायचे ठरले. निघण्याच्या दिवशी आत्याबाई देव्हाऱ्यापुढे उभ्या राहिल्या. त्या देवीशी बोलत तेव्हा शेजारणीशी बोलावे तशा, मोठ्याने आणि जरा दटावून. "आई, माजी सून सोताच्या पायानं चालत घरी येऊ दे. येत्या नवरात्रात नऊ दिस आमी दोगी निस्त्या पान्यावर ऱ्हातो. ऐकलंस का?"

छोट्या गाडीने दौंड, तिथून मोठ्या गाडीने पुणे. रुग्णालयाचा व्हरांडा लांबलचक होता. फरशीवर फिनेल ओले असायचे आणि त्यात पिंपळाच्या सावल्या पडायच्या. तिथे मी वाट पाहायला शिकले. वाट पाहणे हेही एक वृत्त आहे. त्याचे यती, म्हणजे विसाव्याच्या जागा, कोठे येतील हे आपल्या हाती नसते.

तिथे स्टर्नल पंक्चर झाले. म्हणजे छातीच्या मधल्या हाडात जाड सुई घालून आतली मज्जा ओढून घेतात. दुखण्यापेक्षा तो ओढ लागल्याचा भास विलक्षण होता. विहिरीच्या तळाचे पाणी कोणीतरी माझ्यातूनच शेंदत होते. परिचारिकेने तेवढा वेळ माझ्या कपाळावर हात ठेवला होता. तिच्या हाताला साबणाचा आणि मोगऱ्याचा वास होता.

निदान पक्के झाले. त्यातल्या त्यात दैव बरे, कारण माझा प्रकार सावकाश चालणारा होता. त्यावर विलायतेहून नुकतीच एक गोळी येऊ लागली होती. ती मिळाली. पानथरी हळूहळू ओसरली, घाम थांबला, पायाचा अंगठा निवला. वैशाखात मी कळसच्या फाट्यावर एस.टी.तून उतरले. बैलगाडी आणली होती, पण आत्याबाईंनी मला गाडीत बसू दिले नाही. "चालत यायाचं बोलले हुते मी." फाट्यापासून घरापर्यंत त्या माझ्या बाजूने चालल्या, माझ्या चालीने, आणि मी थांबले की थांबल्या.

आता त्या आकड्याबद्दल सांगायला हवे, कारण पुढची सारी कथा त्यावर उभी आहे.

दर महिन्याला बारामतीच्या दवाखान्यात माझे रक्त काढत. एका बाटलीतल्या रक्तातल्या पेशी डॉक्टर स्वतः मोजत. दुसरी बाटली सकाळच्या गाडीने पुण्याला जाई आणि तिथून युरिक ॲसिडचा आकडा येई. युरिक ॲसिड म्हणजे काय, हे त्यांनी मला एका गुऱ्हाळाच्या दाखल्याने समजावले. "चुलाणात उसाचं चिपाड जळतं ना, वहिनी, तशा शरीरात पेशी मरतात, मोडतात. त्यांची राख म्हणजे युरिक ॲसिड. प्रत्येकाच्या रक्तात थोडी असतेच. तुमच्या रक्तात पेशी अफाट निपजत होत्या आणि अफाट मरत होत्या, म्हणून राखही अफाट झाली. तीच अंगठ्यात साचली, तीच भांड्यात दिसली. मला चुलाणाच्या आत डोकावता येत नाही. पण बाहेर ओढलेली राख पाहून आत किती जळतंय, हे ओळखता येतं."

"आणि पुढे काय होणार, हेही?" मी विचारले.

"माझा अनुभव फार नाही. पण गोळी लागू पडेनाशी झाली तर ही राख लवकर वाढलेली दिसेल, असं मला वाटतं. म्हणून तर मागवतो. पाणी भरपूर पीत जा. खायचा सोडा चुकवू नका. राख वाहून गेली पाहिजे."

आकडा उतरत गेला. श्रावणात तो इतरांसारखा झाला. मी पुन्हा जोंधळा निवडू लागले, पुन्हा ओव्या गुणगुणू लागले. फक्त गुळाचा वास तेवढा नको होता. ह्यांनी घरातली ढेप मुकाट्याने गोठ्यातल्या फळीवर नेऊन ठेवली.

आश्विन आला. घट बसले. मातीत सात धान्ये पेरली, नंदादीप लागला, पहिली माळ चढली. नवस फेडायचा तो हाच. आत्याबाई आणि मी पाण्यावर राहिलो. मला त्यात जड काहीच वाटले नाही. आमच्याकडच्या बायका उपवास करतात म्हणजे श्वास घेतात, इतके ते अंगवळणी पडलेले असते. मी स्वतःच्या पायांनी घरी आले होते. देणे होते ते देत होते. तिसऱ्या माळेला महिन्याची तपासणी आली, तशी मी उपाशीपोटीच जाऊन रक्त देऊन आले. कोणी काही विचारले नाही, मी काही सांगितले नाही.

पाचव्या माळेला डॉक्टरांचा निरोप आला. लगेच या.

आम्ही तिघे गेलो. आत्याबाई ऐकेनात. एस.टी.त माझे डोके हलके झाले होते, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, ओठ कोरडे पडत होते. ही सगळी आजाराचीच पावले, असे मी मनाशी धरून चालले होते. खिडकीतून दिसणारा ऊस तुऱ्यावर यायला अजून अवकाश होता. तो तुरा मला दिसेल का, एवढाच विचार मनात होता.

दवाखान्यात डॉक्टर उभेच होते. आत्याबाई बाहेरच्या बाकावर बसल्या. आम्ही आत गेलो.

"राख वाढली आहे," ते म्हणाले. "बरीच. पेशींची मोजणी तशी ठीक आहे, पण ती मागून वाढेल, असं धरून चालावं लागेल. गोळी दुप्पट करू."

हे खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. "दुप्पट केल्यावर उतरंल न्हवं?"

"उतरेल. पण ही गोळी दुधारी आहे, दिनकरराव. चुलाण शमवायला पाणी जास्त ओतलं तर सगळा जाळच विझतो. जास्त झाली तर चांगलं रक्त निपजणंही बंद पडतं. मग माझ्या हातात काही राहत नाही."

त्यांनी लिहायला घेतले. मग काय वाटले कोण जाणे, लेखणी खाली ठेवली आणि मला तपासायला वाकले. डोळ्याची पापणी ओढली, जीभ दाखवा म्हणाले. मी तोंड उघडले. ते तसेच वाकलेले राहिले आणि त्यांनी नाक किंचित आक्रसले. अतिपिकल्या पेरूचा वास येतोय, असे काहीसे ते पुटपुटले.

"आज काय खाल्लंत, वहिनी?"

"काही नाही."

"काल?"

"काही नाही."

"परवा?"

"नवरात्र आहे ना," मी म्हणाले.

डॉक्टरांनी कपाळावर हात मारून घेतला. पुढच्या काही मिनिटांत माझी लघवी परीक्षानळीत होती, तिच्यात कसलीशी पूड आणि औषध पडले होते आणि त्यात सुरेख जांभळे कडे उमटले होते. जांभळाच्या रसासारखे. माझ्या आयुष्यात मी पाहिलेला सर्वांत देखणा रंग तो.

"ॲसिटोन," ते म्हणाले. म्हणजे काय, तेही सांगितले. अन्न मिळाले नाही की शरीर अंगातली चरबी जाळते. त्या जळण्याचा जणू धूर निघतो, तो श्वासाला येतो. मूत्रपिंडे हा धूर बाहेर घालवण्यात गुंततात आणि युरिक ॲसिड मागे तुंबते. धडधाकट माणूस उपाशी राहिला तरी त्याचाही आकडा चढतो. "चुलाण भडकलंच असेल, असं नाही. राख ओढायची वाट बुजली असेल. खात्री मात्र आज देता येत नाही. जेवायला लागा, आठवड्याने पुन्हा रक्त पाहू. तोवर गोळी आहे तेवढीच." मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "मला विचारायला हवं होतं. माझ्या घरीही घट बसलेत."

आत्याबाईंना आत बोलावले.

"आत्या, सुनेचा उपास सोडवावा लागेल."

"आज पाचवी माळ हाय, डाक्तर."

"ठाऊक आहे."

"मंग? घट उठल्याबिगर तोंडात घास घालायचा? म्या बोलून बसलीया देवीला. तिनं तिचं केलं, आता आमी आमचं करायचं न्हाय व्हय?"

"आई, ऐक की जरा," हे म्हणाले.

"तू गप. तुला काय कळतंय? तू तर अष्टमीला बी भजी हादडतोस." त्या डॉक्टरांकडे वळल्या. "तुमी म्हनता तुमच्या गोळीनं बरी झाली. मी म्हनते माज्या बोलानं झाली. कुनाचं खरं?"

"दोघांचंही असू द्या," डॉक्टर म्हणाले. "मी तुमच्या देवीशी भांडत नाही. पण मला आतलं दिसत नाही, आत्या. हा एक आकडा मला आतलं सांगतो. उपासानं तो खोटं बोलायला लागलाय. त्याचं ऐकून मी गोळी वाढवली असती."

"तर?"

डॉक्टरांनी पुढे होऊन खिडकी लावून घेतली. खाली माणसे मोठमोठ्याने सौदा करत होती. आत्याबाईंनी डॉक्टरांकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि पदर डोक्यावरून पुढे ओढून त्या बाहेर जाऊन बसल्या.

परतीच्या वाटेवर ह्यांनी एकदा म्हटले, "आई, कायतरी बोल की." त्या म्हणाल्या, "इचार करतीया." माझ्या मनात भीती होती, आणि ती रोगाची नव्हती. मी ह्या बाईंचा शब्द मोडायला निघाले होते. माझ्या जगण्याला त्या ज्या एका खुंटीवर टांगून निर्धास्त झाल्या होत्या, ती खुंटीच उपटायला निघाले होते. त्यांनी नको म्हटले असते, तर मी जेवले असते का? मला खरेच माहीत नाही.

पुढचे आधी सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला राहणार नाही. दसऱ्यानंतर पुन्हा रक्त गेले. आकडा उतरला होता. त्यानंतरच्या महिन्यात आणखी उतरला. पेशींची मोजणी आहे तिथेच राहिली. गोळी वाढवावी लागली नाही. त्याला आता दोन वर्षे होत आली. मी तुऱ्यावर आलेला ऊस पाहिला, दोनदा.

आजार गेलेला नाही. तो जात नाही, हे मला ठाऊक आहे, आणि तो कधीतरी उठेल, हेही. पण आजचा दिवस माझ्या नावावर आहे आणि मी तो चवीने खाते. बारामतीच्या डॉक्टरांची मी ऋणी आहे, त्यांनी एक क्षण लेखणी खाली ठेवली म्हणून. त्या परिचारिकेची, जिचे नाव मी विचारायचे विसरले. फळीवरच्या ढेपेबद्दल एक शब्दही न बोललेल्या माझ्या यजमानांची.

आणि तुमच्यापैकी कोणी असे रक्त द्यायला जात असाल, तर एवढे लक्षात ठेवा. काय खाल्ले, ते आपण डॉक्टरांना सांगतो; काय खाल्ले नाही, ते कोणी सांगत नाही. तेही सांगावे. आपल्या घरात जे अगदी रोजचे आहे, ते दवाखान्यातल्या माणसाला ठाऊक असेलच, असे नाही.

त्या संध्याकाळी घरी आलो, तेव्हा दिवेलागण झाली होती. आत्याबाईंनी हातपाय धुतले आणि सरळ देव्हाऱ्यापुढे गेल्या. घटाभोवतीचे धान्य बोटभर वर आले होते. नंदादीपाच्या उजेडात त्या कोंबांचा रंग पिवळा दिसत होता, आणि ओल्या मातीचा, तेलाचा, झेंडूच्या माळेचा वास खोलीत भरून राहिला होता. त्यांनी तेल घातले, वात सारली. मग कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"हे बघ, आई," त्या म्हणाल्या, नेहमीसारख्या मोठ्याने. "तिचं ऱ्हायलेलं दिस माज्या अंगावर घाल. पुढल्या वर्साला बी मीच धरीन, दोगींचं. मला कसला आकडा न्हाय आन कसली राख न्हाय. तुला कायबी इचारायचं तर मला इचार. तिला न्हाय."

त्यांचा स्वतःचा तो पाचवा दिवस होता. भिंतीला धरत त्या चुलीकडे गेल्या. फुंकणीचा आवाज आला, मग तांदूळ शिजल्याचा वास. थोड्या वेळाने त्या गोठ्याकडे जाऊन आल्या, तेव्हा त्यांच्या मुठीत काहीतरी होते.

त्यांनी माझ्यापुढे पाट मांडला. पितळीत मऊ भात होता, वर धारोष्ण दूध, आणि त्यावर त्यांनी मूठ उघडून गुळाचा खडा ठेवला. तो हळूहळू विरघळू लागला. वाफेबरोबर त्याचा वास वर आला, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मला त्यात कार्बोलिक आले नाही. नुसता गूळ आला. आमच्या उसाचा.

मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांचे ओठ माझ्यासारखेच कोरडे पडले होते. त्या समोर मांडी घालून बसल्या, पदराने वाफ माझ्या बाजूला लोटली आणि म्हणाल्या,

"जेव."